रुपराव केबलवाल्यांचा पंचवीस डिसेंबर

"तुह्या बाबाले पाह्य जरा वं," शेजारच्या मीराबाईंनी मला दिवाळीतच सांगितलं होतं. "गच्चीवरून गच्चीवर हिंडून राहिले. एकाहत्तर वर्षांचा माणूस."

"टाकी पाहायला जात असतील, काकू," असं म्हणून मी खुशीच्या मागे पळाले. खुशी चार वर्षांची आहे. तिचा ताप, तिची व्हॅन, खिडकीचं ग्रिल, गळ्यात अडकेल असा शेंगदाणा, एवढ्या काळज्या मी दिवसभर करते, की बाबांची करायला जागाच उरली नव्हती.

बाबा म्हणजे रुपराव केबलवाले. नंदनवनातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून वीस वर्षं दोनशे घरांत केबल जायची. त्यांचं स्वतःचं एक चॅनल होतं. सकाळी आरती, दुपारी कोणाकोणाच्या लग्नाच्या कॅसेटी, आणि दर पंचवीस डिसेंबरला संध्याकाळी इंग्रजी मालिकांचे ख्रिसमसचे भाग, टेपवर भरून ठेवलेले. आमच्या गल्लीत एकही ख्रिश्चन घर नव्हतं आणि इंग्रजी तर चौघांनाही येत नव्हतं. तरी लोक वाट पाहायचे. सगळे भाग सारखेच. घरातच जिना, मधोमध सोफा, बाहेर बर्फ. सगळं बिघडतं, भांडणं होतात आणि शेवटी सगळे त्याच सोफ्यावर. एका भागात बाप दिव्यांची माळ लावायला छपरावर चढतो आणि शिडीवरून घसरतो. टेपमधला हशा यायच्या आधी आमची गल्ली हसायची.

कॉलेजात इंग्रजी नीट समजायला लागल्यावर कळलं, की विनोद तसे बेताचेच होते. पण डिसेंबर आला की मला अजून ते हवंच असतं.

म्हणून यंदा खुशीला घेऊन मी बाबांकडे गेले. नवऱ्याची, सुशीलची, ड्यूटी होती. साडेपाचला बाबा म्हणाले, "बस तू, मी आलोच," आणि मागे गेले. मी समोरच्या खोलीत नवीन टीव्हीवर तसला एखादा भाग शोधत बसले. एका ॲपवर मालिका होती, पण नेमका ख्रिसमसचाच भाग गायब. दुसऱ्यानं ओटीपी मागितला. ओटीपी सुशीलच्या फोनवर, आणि सुशील फोन उचलेना. खुशी कार्टूनसाठी पाय आपटत होती. आणि मागच्या खोलीच्या बंद दारातून खो खो हसणं येत होतं. म्हणजे बाबा आत एकटेच जुनी टेप लावून बसले होते. लेक आली, नात आली, आणि हा माणूस दार लावून टीव्ही पाहतोय.

"आजोबा काहून हसून राहिले?" खुशीनं विचारलं.

"आजोबा नाही, टीव्ही हसतोय," मी म्हटलं. बाप शिडीवरून घसरतो तेव्हाचा हशा मला पाठ आहे. तोही येऊन गेला. मी उठले नाही. रागानं चहासुद्धा एकटीनंच करून प्यायले.

सात वाजता मीराबाई कुंपणावरून ओरडल्या, "वैभवी, तुह्या बाबाले सांग, मुंग्या येऊन राहिल्या टीव्हीवर. मस्त चाललं होतं."

"तुमच्या टीव्हीवर? कुठून?"

"जुन्या वायरनं. दिवाळीपासून जोडून राहिले ना ते, सहा घरं. तुले सरप्राइज द्यायचं होतं म्हणे."

टेप संपली की पडद्यावर मुंग्या येतात, आणि वीस वर्षांत बाबांनी आपल्या चॅनलवर मुंग्या येऊ दिल्या नव्हत्या. आईच्या तेराव्यालासुद्धा मधूनच उठून कॅसेट बदलून आले होते. ते खोलीत असते, तर मुंग्या आल्या नसत्या.

मी दार उघडलं. खोली रिकामी, अंगणाकडचं दार उघडं. टीव्ही खरखरत होता.

खुशीला मीराबाईंच्या हाती दिलं आणि गच्चीवर धावले. दोन कठडे ओलांडून तिसऱ्या घरी, जिथली माणसं रामटेकला गेली होती, टाकीच्या पलीकडे बाबा पडले होते. हातात पक्कड, डावा पाय भलत्याच दिशेला. वायरची ढिली पिन आवळायला आले होते. टेप सुरू करून.

"चित्र साफ आलं का गा सगळ्याइकडे?" त्यांनी विचारलं. 'गा' मुलांना म्हणतात, पण ते लाडात मलाही म्हणतात.

"बाबा, आवाज का नाही दिला?"

"देल्ला ना. चारदा देल्ला. पण तुम्ही सारे हसून राहिले होते."

मी त्यांच्यावर एवढी ओरडले, की खालून लोक वर आले. फोन घरी काहून ठेवला, मला काहून नाही सांगितलं, हे वय आहे का. ते म्हणाले, "अगोदर टेप पालटव. लोक बसले असतील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. आमच्याकडे बेसाला चला म्हटलं, तर येत नाहीत. ते तिथे पडून होते तेव्हा मी दोनच घरांच्या अंतरावर होते, तरी मला कळलं नाही. आता आठ किलोमीटरवरून काय कळणार? फोनवर 'मी मजेत' म्हणतात. मीराबाई महिनाभर लेकीकडे पारशिवनीला गेल्या आहेत. खुशीला कांजिण्या निघाल्यात, तिला सोडून मला निघता येत नाही.

तुम्ही नंदनवनच्या बाजूनं जात असाल, तर एक करा. रुपराव केबलवाले म्हणून विचारा, कोणीही घर दाखवेल. बाहेरूनच हाक मारून परत फिरू नका. आत जा, त्यांना डोळ्यांनी पाहा, आणि मला कळवा.