डावा बूट

क्लबात मला सगळे मामा म्हणतात. बावीस वर्षं खेळाडूंचे बूट, मोजे आणि जर्सी सांभाळतोय, तेवढा हक्क त्यांना आहे. पण खरा भाचा त्यात एकच. आमच्या ताईचा थोरला, संघाचा फॉरवर्ड.

पेपरवाल्यांनी त्याचं नाव आयतोबा ठेवलं. दुसऱ्यांनी ऊर फुटेस्तोवर धावायचं, चेंडू गोलपाशी आणायचा, गोलकीपरच्या हातून तो निसटायचा आणि नेमका तिथे हा उभा. आयत्या बिळावर नागोबा. चौदा वर्षांत त्याने एकशे एकेचाळीस गोल केले. बरेचसे गुडघ्याने, काही नडगीने, एक तर चक्क बसल्या-बसल्या. देखणा गोल सांगा म्हणालात तर मला आठवावा लागेल. पण बिळापाशी वेळेवर पोचणं हीच खरी विद्या, हे पेपरवाल्यांना कोण सांगणार? तो इतरांपेक्षा अर्धं पाऊल आधी पोचायचा, बस्स.

मागच्या वर्षी त्याचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आठ महिने घरी काढले. परत आला आणि अकरा सामन्यांत एकही गोल नाही. नशीब फिरलं, असं लोक म्हणाले. डॉक्टरांनी तीनदा फोटो काढले, गुडघा ठणठणीत होता.

नशिबाचा काही संबंध नव्हता. आमचं सरावाचं मैदान कृत्रिम गवताचं आहे. त्यावर बुटांच्या तळाचे रबरी स्टड खोडरबरासारखे झिजतात. उजव्या पायाने मारणारा माणूस सगळा भार डाव्यावर देतो, म्हणून डावा बूट आधी झिजतो. ह्याच्या डाव्या बुटाचे स्टड दीड महिन्यानंतरही दुकानातल्यासारखे होते. तो डावा पाय टाकतच नव्हता. गुडघा बरा झाला होता, भीती गेली नव्हती. अर्धं पाऊल तिथेच हरवत होतं.

मी तोंडाला कुलूप लावलं. पण बुटांचे तळ वाचणारा मी एकटा नव्हतो. आमचे प्रशिक्षक जुन्या वळणाचे. दर सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत येतात, रॅकवरचे बूट उलटे करून बघतात आणि जातात. भाच्याची जोडी मी दर सोमवारी काहीतरी सबब सांगून आड ठेवत होतो. येत्या सोमवारी त्याच्या कराराचा निर्णय होता. वय तेहतीस. इथे आणखी एक वर्ष मिळालं तर ठीक, नाहीतर मोठा संघ संपला. शनिवारी सराव झाल्यावर प्रशिक्षक दारातूनच म्हणाले, "मामा, सोमवारी भाच्याची जोडी रॅकवर दिसू दे."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "तू आहेस ना तिथे, मग मला कसली काळजी?" भावाच्या गळ्यात धोंड बांधायची ही बहिणींची जुनी रीत.

रविवारी क्लब बंद असतो. दुपारी जेवून मी गेलो. त्याचं नि माझं माप एकच. नवी जोडी आली की ओले मोजे चढवून आठवडाभर मीच ती मऊ करून देतो. डाव्या पायात त्याचा बूट, उजव्यात माझी चप्पल, असा मी धुलाईखोलीमागच्या सिमेंटच्या उतारावर चालत सुटलो. तीन तास, लंगडत.

"मामा, दुसरा बूट चोरीला गेला का?" वॉचमनने विचारलं.

"तोच शोधतोय," मी म्हणालो.

संध्याकाळी तळ छान झिजलेला दिसला. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होतो.

सोमवारी प्रशिक्षकांनी आधी उजवा बूट उचलला, मग डावा. डावा बराच वेळ हातात धरला. मग चहाचा कप खाली ठेवला. असं ते कधी करत नाहीत.

"मामा, फॉरवर्ड पळतो चवड्यावर. ह्याची टाच झिजलीय आणि चवडा कोरा आहे." त्यांनी तळ माझ्याकडे फिरवला. "हा बूट नुसता चाललाय. पळालेला नाही."

बावीस वर्षं बूट सांभाळणाऱ्याला एवढं सुचू नये! माझे कान तापले.

"गुडघा बरा आहे सर. भीती आहे थोडी. जाईल."

"ते मला चौथ्या सामन्यातच दिसलं. जाते भीती. मी थांबणार होतो वर्षभर, कागदही तयार करून घेतला होता. कोरा बूट दिसला असता तरी सही केली असती."

"मग करा ना सर."

"त्याला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. तुम्हालाच खात्री नाही, तर मी कशाच्या जोरावर करू?" त्यांनी कप उचलला. "तुम्ही सांगता त्याला, की मी सांगू?"

"मी सांगतो."

मला त्यांचा राग आला, पण त्यांचं चुकलं होतं असं म्हणता येईना. तीन महिने मी त्याच्याकडे संपलेला माणूस म्हणूनच बघत होतो.

नऊला तो आला. बूट उचलला तो डावाच, आणि उचलल्याबरोबर उलटा केला. तेव्हा मला कळलं की तोही रोज बघत होता.

"मामा! अरे, हे बघ! झिजलाय!" तो तळावरून अंगठा फिरवत राहिला. "रोज कोराच असायचा रे. कोणाला बोललो नाही, तुलासुद्धा नाही. म्हटलं, हा झिजला की समजायचं, सुटलो. शनिवारी टाकला असणार पाय, माझं मलाच कळलं नाही!"

आणि त्याने तिथल्या तिथे डावा पाय फरशीवर रोवला. सगळा भार देऊन, दोनदा. रॅक हादरला. गुडघा गेल्यापासून तो पाय असा पडलेला मी पाहिला नव्हता.

मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. करार नाही, ही मी सांगितली. दुसरी, बुटाची, राहूनच गेली.

आता तो खालच्या श्रेणीतल्या एका संघात खेळतो. ह्या मोसमात नऊ गोल झाले, त्यातले चार गुडघ्याने. पेपरात येत नाही. तो डावा बूट त्याने घरी कपाटात जपून ठेवलाय. कधीमधी फोनवर विचारतो, "मामा, त्या दिवशी सरांनी डावा बूट बघितलाच नाही का रे? बघितला असता, तर ठेवलं असतं मला."

"नाही बघितला," मी म्हणतो.