बटण वेळेवर दाबलं होतं

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, आणि तोही नकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एका परदेशी यंत्राची नक्कल म्हणून माझा जन्म झाला. कुठल्या कारखान्यात, ते माझ्या अंगावर लिहिलेलं नाही. माझ्याबरोबर आलेल्या पिवळ्या कॅसेटवर मात्र 'नऊ हजार खेळ' असं ठळक छापलं होतं. खरे खेळ अकराच, बाकी तेच ते नाव बदलून पुन्हा. असं असलं तरी मित्रांनो, एका बाबतीत मी आयुष्यभर सच्चा राहिलो. माझ्या जॉयस्टिकचं बटण दाबलं की मी त्याच क्षणी टीव्हीला कळवतो. तिथे आजचं उद्यावर ढकलणं मला माहीत नाही.

मला शेवगावच्या बाजारातून कारभारी नावाच्या गृहस्थांनी घरी आणलं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. कारभारी आणि त्यांची बायको लंकाबाई दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. बिभीषण आणि वाल्मिक ही त्यांची दोन मुलं तेवढे महिने गावात चुलत्याकडे राहायची. बापाच्या मनाला ते खात असणार. एका वर्षी परतताना ते बाजारात उतरले आणि मला पोत्यात गुंडाळून घेऊन आले.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. चौदा इंची डबा टीव्हीच्या पाठीत माझी पिवळी वायर खुपसायची, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची, की झालं. एक बुटका माणूस भिंतींवरून आणि खड्ड्यांवरून उड्या मारत जाई, हा दोघा भावांचा लाडका खेळ. त्यात शेवटाजवळ एक रुंद खड्डा होता. अगदी काठावर पाय टेकला की बटण दाबायचं, जरा आधी किंवा जरा नंतर दाबलं तर माणूस गेलाच. बिभीषण त्या खड्ड्यात कधी पडला नाही. वाल्मिक मात्र दर वेळी पडायचा आणि हसत जॉयस्टिक भावाकडे द्यायचा. आणि लंकाबाईंचं सांगू का? माझ्याबरोबर प्लॅस्टिकची एक बंदूक आली होती, पडद्यावरची बदकं मारायची. त्या माउलीने एकदा ओल्या हातांनी ती धरली आणि सलग बारा बदकं पाडली. पोरं बघतच राहिली.

पुढे मोबाईल आले. डबा टीव्ही भंगारात गेला आणि मी माळ्यावर गेलो, बी-बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांखाली. कारभारी वारले ते मला खालच्या रडण्यावरून कळलं. बिभीषण मोठा होऊन ट्रॅक्टरवर बसला. उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढत तो कारखान्याला जायचा, आणि अठरा हंगामांत त्याच्या चाकाखाली साधं कुत्रंही आलं नाही. वाल्मिक आपल्या बायकोबरोबर, रेश्माबरोबर, कोयता घेऊन फडात ऊस तोडायचा. शेतात नांगरटीपुरता ट्रॅक्टर त्यालाही यायचा, पण भरल्या ट्रॉल्या त्याने कधी ओढल्या नव्हत्या.

मग एका पावसाळ्यात बिभीषणच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. वय अवघं सदतीस. उजवा हात लुळा पडला. नगरच्या दवाखान्यात महिना काढून तो घरी आला तेव्हा पाण्याचा तांब्यादेखील त्याला पेलत नव्हता. हळूहळू बोटं हलू लागली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. एके दिवशी वाल्मिक माळ्यावर चढला, मला खाली घेऊन आला आणि ओल्या फडक्याने पुसत म्हणाला, "दादा, चेंडू काय दाबत बसतो? हे खेळ. हाताला काम बी हुईल अन् करमंल बी."

इथूनच माझं दुर्दैव सुरू झालं. घरात वाल्मिकने नुकताच आणलेला मोठा, चपटा, भिंतीवरचा टीव्ही होता. त्याला माझी पिवळी वायर लावायला भोकच नव्हतं. बिभीषणच्या बायकोने, ज्योतीने, मोबाईलवर शोधून एक छोटी डबी मागवली. माझी वायर डबीत, डबीची वायर टीव्हीत. चित्र आलं, पण काय तो अवतार! फिकट, धुरकट, आणि दोन्ही बाजूंनी ताणून रुंद केलेला तो बुटका माणूस लग्नातल्या आचाऱ्यासारखा दिसत होता. नवऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून ज्योती टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरली. चित्र चौकोनी केलं, रंग उजळले, कडा गुळगुळीत करायचं, पडद्यावरची वळवळ काढायचं, जे जे बटण दिसलं ते ते तिने चालू केलं. चार दिवसांत माझं चित्र असं देखणं झालं की मीच लाजलो.

पण मित्रांनो, देखणेपणाला वेळ लागतो. मी पाठवलेलं चित्र आधी ती डबी हाताळायची. मग टीव्ही ते ताणायचा, पुसायचा, घासायचा आणि मगच पडद्यावर मांडायचा. डबा टीव्हीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आलं तसं दाखवून तो मोकळा व्हायचा. या नव्याकडे माझा निरोप पोचेपर्यंत डोळ्याची पापणी लवायची. एरवी तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. त्या खड्ड्याच्या काठावर मात्र सगळं बिघडत होतं. बिभीषण बरोबर वेळी बटण दाबायचा, मी त्याच क्षणी कळवायचो, आणि पडद्यावर माणूस खड्ड्यात गेलेला दिसायचा.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणता. आमच्या घरी उलटं झालं. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि नाचणाऱ्याने स्वतःच्या पायाला दोष दिला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तो पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यापाशी यायचा, पडायचा, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायचा.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. एकदा लंकाबाईंनी हौसेने बंदूक हाती घेतली. एक बदक पडलं नाही. पडणार कसं? ती बंदूक डबा टीव्हीच्या उजेडावरच चालते, चपट्या टीव्हीपुढे ती नुसतं खेळणं. पण वाल्मिक हसून म्हणाला, "आई, तुला आता चष्मा लागला." त्यांनाही ते पटलं. वाल्मिक स्वतः खेळला, तोही पडला. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही, तो लहानपणापासून पडतच आला होता. तीन माणसं चुकली आणि तिघांनीही स्वतःला जुनं ठरवलं. नवा कोरा टीव्ही चुकत असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कोयते, विळे, ट्रॅक्टर धुऊन पूजेला लावतात. वाल्मिकने चेष्टेने मलाही हळदकुंकू लावलं. दुपारी मुकादम बजरंग यायचे होते. मजुरांची टोळी जमवून कारखान्याला नेणारे हेच, आणि या हंगामात ट्रॅक्टरवर कोण बसणार हे त्यांना त्याच दिवशी सांगायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हात बरा झालाय, गाडी चालवायला हरकत नाही. जेवणं झाल्यावर बिभीषणने मला सुरू केलं आणि म्हणाला, "ह्यो खड्डा पार झाला तर म्या जातो. न्हाई तर न्हाई."

घरातलं सगळं माणूस मागे येऊन उभं राहिलं. खेळात तीन जीव मिळतात. पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी त्याने श्वास रोखून धरला, अगदी काठावर पाय टेकताच बटण दाबलं. मी शपथेवर सांगतो, ती उडी पंचवीस वर्षांतल्या त्याच्या उत्तम उड्यांपैकी होती. पण पडद्यावर पाय टेकलेला दिसला तेव्हा माझ्याकडे तो माणूस काठ ओलांडून गेला होता.

बिभीषणने जॉयस्टिक खाली ठेवली. "वाल्या, ट्रॅक्टर तू ने."

"दादा, म्या भरल्या ट्रॉल्या कवा ओढल्यात?"

"शिकशील. म्या सांगीन."

"अरं, पन डागदर तर म्हनला, हात बरा हाय," लंकाबाई म्हणाल्या.

"आई, डागदरनं बोटं वाकवून बघितली. ट्रॉलीम्होरं कुनाचं लेकरू आलं तर माझा हात येळंवर चालंल का, ते त्यानं बघितलं न्हाई. म्या बघितलं. उशीर हुतोय. कुनाचा जीव माझ्या हातानं जायला नको."

मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. मी नुसता गरम झालो. ज्योतीने मला बंद केलं आणि फडक्यात बांधून ठेवलं.

वाल्मिक ट्रॅक्टर घेऊन कारखान्याला गेला. बिभीषण रोज फोनवरून त्याला सांगायचा: उताराला लागण्याआधीच गिअर खाली पाड, उतारावर ब्रेक दाबू नको, मागचा भार पुढं ढकलतो. वाल्मिक व्हय व्हय म्हणायचा. पौष महिन्यात एका सकाळी, कारखान्याच्या अलीकडच्या उतारावर, त्याने ब्रेक दाबला. मागच्या ट्रॉलीने पुढचीला ढकललं, पुढचीने ट्रॅक्टर आडवा केला, आणि वाल्मिक त्याखाली सापडून जागीच गेला. रेश्मा मागच्याच ट्रॉलीवर बसून येत होती. ती उसाच्या ढिगावर फेकली गेली म्हणून वाचली.

बिभीषण असता तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. मी खेळणं आहे, मला दैव कळत नाही. एवढं मात्र खरं की त्या उतारावरून तो अठरा वर्षं सुखरूप उतरला होता. घर बसलं ते बसलंच. लंकाबाई दाराकडे तोंड करून बसायच्या. बिभीषणने बोलणं टाकलं.

उन्हाळ्यात शेवगावला त्याच्या तपासणीची वेळ आली. ज्योतीने मला पिशवीत घातलं. नवरा निदान खेळात तरी मन घालेल, अशी त्या बिचारीला आशा होती. दवाखान्यातून ती त्याला राधाकृष्ण मिस्त्रींच्या दुकानात घेऊन आली. राधाकृष्ण टीव्ही दुरुस्त करतात, आणि त्यांना या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"याचं चित्र नव्या टीव्हीवर आनखी चांगलं दिसंल का?" तिने विचारलं.

राधाकृष्णांनी मला आधी दुकानातल्या एका जुन्या डबा टीव्हीला जोडलं. "यंत्र ठीक हाय का बघू. खेळा पाहुनं," म्हणत त्यांनी जॉयस्टिक बिभीषणच्या हातात दिली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून त्याने ती घेतली. भिंती गेल्या, छोटे खड्डे गेले. रुंद खड्डा आला. त्याने सवयीने बटण दाबलं आणि माणूस अलगद पलीकडे उतरला.

"हात लई साफ हाय की तुमचा," राधाकृष्ण कौतुकाने म्हणाले.

"घरी पडतो त्यो," बिभीषण म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज निघाला होता.

"घरी पडनारच. नवा टीव्ही चित्र सजवत बसतो, तवर उशीर हुतो. जितकी सजावट जास्त तितका उशीर. सेटिंगमदी गेम मोड म्हनून हाय, तो लावला की सजावट बंद अन् उशीर बी जवळजवळ बंद. कुनी सांगितलं न्हाई व्हय? एका बटनाचं काम हाय."

ज्योतीला आधी कळलं. तिने भिंतीला हात टेकला. तिच्याच बोटांनी ती सजावट एकेक करून चालू केली होती.

बिभीषणने हळूच विचारलं, "म्हंजी खंडेनवमीला बी माझा हात बरा हुता?"

खंडेनवमीला काय झालं हे राधाकृष्णांना कुठून माहीत? "बराच असंल की," ते हसून म्हणाले.

पडद्यावर तो बुटका माणूस खड्ड्यापलीकडे नुसता उभा होता. त्याला कुणी पुढे नेलं नाही. कोपऱ्यातले आकडे कमी कमी होत शून्यावर आले आणि खेळ संपला. दोघं उठून गेली. मला न्यायचं राहिलं, आणि अजूनही कुणी न्यायला आलेलं नाही.

मित्रांनो, माणूस मंदावला, म्हातारा झाला, निकामी झाला असं ठरवण्याआधी जरा थांबत जा. त्याच्या हाताच्या आणि तुमच्या डोळ्यांच्या मध्ये काय काय बसवलेलं आहे, ते आधी तपासा. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही, माझं काय, मी नकलीच. माझी विनवणी दुसरीच आहे. बिभीषण आता कुठल्याच चाकावर बसत नाही, असं दुकानात येणारे लोक सांगतात. तुमच्यापैकी कुणी त्याच्या गावाकडे गेलं तर त्याच्याशेजारी घटकाभर बसा आणि त्याला सांगा, की तुझा हात बरा होता हे तुला कळायला मार्गच नव्हता. ज्या दिवशी तू ट्रॅक्टर सोडलास, त्या दिवशी तू कुणाचा तरी जीव वाचवायलाच निघाला होतास. मी सगळं पाहत होतो, पण हे मला त्याला सांगता येत नाही.