कुलगुरूंनी दिलेला पेपर

देशातल्या विधी विद्यापीठांनी मिळून एकच प्रवेशपरीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हा वाटलं, सुटलो. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, पोरं गावोगाव हिंडायची. आता पोरं एका जागी बसतात आणि कुलगुरू हिंडतात. संयोजनाची पाळी दरवर्षी एका विद्यापीठाची. यंदा ती ओडिशात कटकला, आमच्याकडे आली, म्हणजे राबायला इथली प्राध्यापिका मी.

अतिथिगृहाच्या खिडक्यांना कागद चिकटवले, सगळ्यांचे फोन कपाटात कोंडले आणि तीन कुलगुरूंना आत घेतलं. आमचे सेनापती सर, केरळचे कुरियन सर आणि पंजाबच्या गुरिंदर मॅडम. प्रत्येकाने पेपरचा एकेक भाग काढलेला. दुसऱ्याचा भाग कोणी बघायचा नाही, असा नियम. सगळा पेपर पाहिलेली एकटी मी, आणि तो पाहून माझं डोकंच फिरलं. एकेक उतारा संपता संपेना.

गेल्या वर्षी मी शिकवणी घेतलेली कालाहांडीची सबित्री याच परीक्षेत शेवटचे दोन उतारे न वाचताच बाहेर आली होती. पोरगी हुशार, पण वेळच पुरला नाही. आता भवानीपाटण्याला बी.ए. करते. यंदा उतारे कापून घ्यायचेच, असं मी ठरवूनच आले होते.

"सर, उतारे निम्मे करूया का?"

"का बरं? वकील व्हायचंय ना त्यांना?" सेनापती सरांनी भुवया चढवल्या. "लोपा, तुझं मन फार हळवं. आजकालच्या पोरांना वाचायचाच कंटाळा!"

"माझा भाग तर शेंबडं पोरही सोडवेल," कुरियन सर म्हणाले.

"लाड पुरे झाले, पुत्तर," गुरिंदर मॅडमनी विषय मिटवला.

छपाईआधी एका तरुण शिक्षकाने सगळा पेपर वेळ लावून सोडवून बघायचा, अशी आमची रीत आहे. त्याला आम्ही बकरा म्हणतो. यंदाच्या बकऱ्याला नेमक्या कांजिण्या झाल्या, आणि बाहेरचा माणूस आत घ्यायची सोय नाही. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

"तुम्ही तिघंच सोडवा की," मी साळसूदपणे म्हटलं. "एकमेकांचे भाग तुम्ही कुठे पाहिलेत? आणि पेपर तर सोपाच आहे."

आता नाही म्हणायचं कोणी?

मी घड्याळ लावलं. थोड्याच वेळात कुरियन सर गुरिंदर मॅडमच्या कागदावर वाकले.

"सर, आपल्या पेपरात बघा," मी दटावलं.

"मान आखडलीय हो माझी!"

"मग दुसऱ्या बाजूला आखडू द्या," मॅडमनी हाताने उत्तरं झाकत फटकारलं.

सेनापती सरांची सवय अशी, की समोर छापील काही आलं की ते समासात टिपणं काढत बसणार. पहिल्या उताऱ्यातच त्यांचा बराच वेळ गेला. मग त्यांनी हात वर केला.

"इथे दोन पर्याय बरोबर आहेत. मी लेखी हरकत घेतो."

"सर, हा प्रश्न तुम्हीच काढलाय."

"मग काय झालं? काढताना मी न्यायाधीश होतो. आता अशील आहे!"

त्यांनी खरोखरच पानभर हरकत लिहिली. लिहून झाली आणि वेळ संपली.

"पाचच मिनिटं दे गं!" सरांनी पेपर छातीशी धरला. मी ओढूनच घेतला. नोकरीत एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

चुकीच्या उत्तरांचे गुण वजा केले आणि गेल्या वर्षीच्या प्रवेशयादीशी ताडून पाहिलं. गुरिंदर मॅडमना कुरियन सरांच्या विद्यापीठात जागा मिळत होती. कुरियन सरांना स्वतःच्या विद्यापीठात नाही, पण दुसरीकडे कुठेतरी मिळत होती. सेनापती सरांचे शेवटचे दोन उतारे कोरे होते. आपल्याच विद्यापीठात ते प्रतीक्षायादीवर होते.

टेबलावरच्या दहीबडा-आलूदमला कोणी हात लावेना. मला हसू आवरत नव्हतं आणि सरांकडे बघून वाईटही वाटत होतं.

शेवटी सरांनी पेन्सिल उचलली. सबित्रीचं नाव मी त्यांच्यापाशी कधी काढलं नव्हतं, आणि त्यानंतरही काढावं लागलं नाही. त्यांनी आधी स्वतःचा उतारा मधोमध कापला आणि पेन्सिल कुरियन सरांकडे सरकवली.

निघताना मात्र ते दारात घुटमळले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "लोपा, ही प्रतीक्षायादी साधारण कुठपर्यंत सरकते गं?"