पुण्याचे सव्वानऊ

शशिकांतरावांनी प्रोसेसर आणला, तो नेमका न बसणारा.

शनिवारी दुपारी पुतण्या प्रसाद न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्याहून माउंट रॉस्किलला, त्यांच्या घरी आला. त्याने मागच्या खोलीतला कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा केला, बाजूचा पत्रा काढला, नवा प्रोसेसर खोक्यातून उचलून उलटा करून पाहिला आणि हसायलाच लागला.

"काका, याला खाली पिनाच नाहीत."

"नसतात हल्ली."

"नसतात, कारण त्या बोर्डावर असतात. तुमच्या बोर्डावर नुसती भोकं, आणि हा खालून सपाट. बसवू कसा, गोंदाने?"

"मग बोर्ड बदलू," शशिकांतराव म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की प्रसादने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

तीस वर्षं विजेचे पॅनल तपासलेला माणूस. दुधाच्या बाटलीवरची तारीख दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचणारा. जुन्या बोर्डात अलगद बसेल असा प्रोसेसर त्याच दुकानात होता, स्वस्तही होता. वेलिंग्टनहून लेकीने, ऋग्वेदाने, त्याची लिंकही पाठवली होती: "बाबा, धिस वन. जस्ट अपडेट द बायोस. स्वीट अ‍ॅज." शेवटचे दोन शब्द म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास'. ती लिंक त्यांनी तीनदा उघडली आणि दुसराच घेऊन आले. विंडोज दहाचा सपोर्ट या महिन्यात संपला, करायचंच तर नीट करू, असं लेकीला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

खरं कारण मागच्या खोलीत होतं. त्यांच्या पत्नी विभावरीताई मे महिन्यात गेल्या, आणि त्यांचा कॉम्प्युटर रोज दुपारी आपला आपण चालू होत राहिला. पावणेचार वाजले की रिकाम्या खोलीत त्याचा पंखा घरघरे, बंद दाराखालच्या फटीतून निळसर उजेड येई. अर्ध्या तासाने सगळं आपसूक शांत.

यात भुताटकी काही नव्हती. आठ वर्षांपूर्वी प्रसादनेच तो टायमर लावून दिला होता, कारण काकू कामाच्या नादात पुण्यातल्या आईला फोन करायचं विसरायच्या. बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, एकदा वेळ घातली की बोर्ड असेतो ती राहते. टायमर आहे हे शशिकांतरावांना पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याने काडीचा फरक पडत नव्हता. साडेतीन वाजले की ते जॅकेट चढवून डेअरीपर्यंत चालत जात. कोपऱ्यावरच्या त्या दुकानात रोज काय घ्यायचं? घरात काड्यापेट्यांची चळत लागली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी देशातली घड्याळं उन्हाळी वेळेसाठी तासभर पुढे सरकली. शशिकांतराव नेहमीसारखे साडेतीनला बाहेर पडले आणि साडेचारला निर्धास्त परत आले. आजची वेळ टळली म्हणून त्याच खोलीत चादरी ठेवायला शिरले. पावणेपाच झाले आणि पाठीमागे पंखा घरघरला. चादरी जिथल्या तिथे पडल्या. विभावरीताईंनी त्या कॉम्प्युटरचं घड्याळ कायम पुण्याचं ठेवलेलं होतं. त्याला न्यूझीलंडची वेळ ठाऊकच नव्हती. त्याच्या हिशेबी कालही सकाळचे सव्वानऊ होते, आजही सव्वानऊच.

भिंतीवरचं बटण बंद करायला कितीसा वेळ? पण ते बंद करणारा हात त्यांचा झाला असता. बोर्ड बदलताना कुणी काही बंद करत नाही. सुधारणा होते.

"हा बघा," प्रसादने फोनवर एक बोर्ड दाखवला. "यात बसेल. स्वस्त आहे."

"तो मोठा आहे. आपल्या पेटीत मावणार नाही."

"मग हा?"

"वायफाय नाही. त्या खोलीत केबल नाही."

"बरं, हा. लहान आहे, वायफाय आहे."

"आणि जुन्या साठ्यातला निघाला तर? त्यातलं बायोस या प्रोसेसरच्या आधीचं असलं तर तो ओळखणार नाही. दुकानात विचार. आणि रॅमही नवी लागेल, जुनी याला चालत नाही."

प्रसादने फोन हळूच टेबलावर ठेवला. "काका, एवढं सगळं पाठ आहे. आणि सॉकेट तेवढं बघायचं राहिलं?"

शशिकांतराव चहा टाकायला उठले.

प्रसादने किल्ली उचलली. गाडी काढून बोर्ड आणि रॅम घेऊन आला आणि कामाला लागला. साडेचारपर्यंत जुना बोर्ड वर्तमानपत्रावर येऊन पडला होता, तारा सुटलेला. शशिकांतराव भिंतीवरच्या घड्याळासमोर बसले. पावणेपाच झाले. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र तेवढं वाजत होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्या वेळेला घरात बसून चकली खाल्ली. मग दुसरी घेतली.

पाचला फोन वाजला. पुण्याहून आशालताबाई, विभावरीताईंच्या आई.

"शशिकांतराव, बरे आहात ना?"

"हो आई. का हो?"

"आज विभाचा हिरवा ठिपका लागला नाही."

त्यांनी हातातली चकली बशीत ठेवली. कॉम्प्युटर चालू झाला की फोनचा प्रोग्राम आपोआप उघडे, आणि तिकडे टॅब्लेटवर लेकीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे. पडद्यावर काय येतं ते बघायला शशिकांतराव त्या खोलीत कधी थांबलेच नव्हते.

"आई, ते त्या मशीनचं—"

"माहीत आहे मला. चौऱ्याऐंशीची झाले, खुळी नाही झाले. यंत्र लागतं, ठिपका लागतो. तेवढा वेळ मी चहा घेऊन समोर बसते. तो विझला की कप विसळते आणि उठते. आज आपली नुसतीच बसून आहे, म्हणून म्हटलं विचारावं."

"दुरुस्तीला काढलाय आज."

"हं. उद्या लागेल?"

वर्तमानपत्रावर बोर्ड पडला होता. पाच महिने जे आपल्यासाठी येतंय म्हणून त्यांनी धसका घेतला होता, ते त्यांच्यासाठी येतच नव्हतं.

"लागेल," शशिकांतराव म्हणाले.

प्रसादने सगळं ऐकलं होतं. त्याने नवा बोर्ड चालू केला, सेटिंगचा निळा पडदा उघडला, टायमरच्या ओळीवर येऊन थांबला आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

"तू टाक की."

"नको काका. मागच्या खेपेला वेळ काकूंनी स्वतः टाकली होती."

घड्याळ आधी पुण्याचं केलं. मग नऊ. मग पंधरा. शशिकांतरावांचं बोट शेवटच्या कळेवर बराच वेळ टेकून राहिलं. नुसतं बटण बंद करायचं होतं तेव्हा त्यांनी एवढा घाट घातला होता. आता चालू मात्र त्यांनाच करावं लागलं.

रविवारी ते डेअरीकडे गेले नाहीत. साडेचारपासून मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. बरोबर पावणेपाचला पडदा उजळला. ते उठले नाहीत. प्रोग्राम उघडला. वर विभावरीचं नाव, त्यापुढे ठिपका. खाली आशालताबाईंचं नाव, आणि त्याखाली तीन टिंबं हलायला लागली. त्या काहीतरी लिहीत होत्या.

टिंबं थांबली. काही आलं नाही. पुन्हा हलली, या वेळी बराच वेळ, जसा माणूस सगळं सविस्तर सांगतो. पुन्हा थांबली. काहीच आलं नाही.

आपण इथे आहोत असं कळवावं म्हणून शशिकांतरावांनी कीबोर्डकडे हात नेला. टिंबं पुन्हा हलायला लागली. त्यांनी हात मागे घेतला. एवढ्या वर्षांत मायलेकींचं बोलणं सुरू झालं की ते कधी त्या खोलीत थांबले नव्हते.

आवाज होऊ न देता ते उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.