नितळ चित्रातल्या पापण्या

‘रॉ आहे ना, मग सगळं निघेल,’ हा कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या चित्राबद्दल विनीतचा सिद्धांत होता. लालबागच्या त्या मंडळाचा तो सचिव. आणि सचिवाला सिद्धांत सिद्ध करावा लागत नाही, मांडला की पुरते. मूर्तिकार महादेवकाका गणपतीच्या छोट्या, पूजेच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतानाची फिल्म त्याला हवी होती. तिच्यात मूर्तिशाळेच्या अंधारात काकांचा चेहरा दिसावा, ताडपत्रीपलीकडे उन्हात तळपणारी गल्लीही दिसावी आणि अंधाऱ्या चित्रात वळवळणारे ठिपके, म्हणजे मुंग्या, मात्र मुळीच दिसू नयेत.

शंतनुने पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले होते आणि लोअर परळच्या एका स्टुडिओत चित्रे उजळवून तो पोट भरत असे. प्रकाश जास्त घ्यावा तर गल्ली पांढरीफटक पडते, गल्ली वाचवावी तर सावलीत मुंग्या येतात, हे त्याने समजावून पाहिले. विनीतने ते सहानुभूतीने ऐकले. अखेर शंतनुने एक फ्रेम उजळ, पुढची काळोखी अशी आलटूनपालटून टिपली आणि दोन्हींचा मेळ घातला.

मंडळाच्या कार्यालयात फिल्म लागली. चेहरा दिसला, गल्ली दिसली, आणि काकांच्या एका ब्रशच्या जागी दोन दिसले.

“काकांचा हात थरथरतोय,” विनीत म्हणाला.

“दोन फ्रेमांच्या मधे हात पुढे सरकलाय. एकच हात आहे तो.”

“दिसतंय ते दिसतंय रे. मंडपातल्या मोठ्या मूर्तीची आखणी यंदा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

गिरण्या बंद पडल्या तेव्हापासून मंडळाच्या गणपतीचे डोळे काकांनीच आखले होते. ते भिंतीशी बसून राहिले. त्यांच्यासोबत रंगकाम करणाऱ्या मेघनाने, त्यांच्या मुलीने, शंतनुला जिन्यात गाठले. “तू बिघडवलंस, तूच निस्तर.”

शंतनुने फक्त काळोख्या फ्रेमा घेऊन त्यांच्यातल्या सावल्या उजळवल्या. दुसरा ब्रश गेला, मुंग्या आल्या. त्या मुंग्यांच्या आड त्याला दिसले की ब्रश हवेत असताना खरोखरच थरथरत होता आणि मातीला टेकताच स्थिर होत होता. हे सत्य होते, म्हणजे मंडळाच्या दृष्टीने निरुपयोगी. त्याने शेजारच्या बिंदूंची आणि फ्रेमांची सरासरी काढली. मुंग्या गेल्या, थरथरही गेली. सरासरी खोटे बोलत नाही, फक्त गैरसोयीचे तेवढे गिळते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

“हा बघ, दगडासारखा हात,” कार्यालयात नवी फिल्म लागताच विनीत खूश झाला. मग पडद्याजवळ सरकला. “पण पापण्या कुठायत? काकांना आता दिसतही नाही की काय?”

पापण्यांच्या रेषा मुंग्यांइतक्याच बारीक होत्या. सरासरीने दोघींना एकाच न्यायाने झाडून काढले होते.

“पूजेची मूर्ती आणून या कोपऱ्यातच ठेवलीय,” शंतनु म्हणाला. “तोंडावरचा रुमाल काढ आणि बघ.”

“चतुर्थीआधी चेहरा उघडायचा नसतो. तुझं काय जातंय, तू काही मानत नाहीस.”

पुरावा हातभर अंतरावर रुमालाखाली बसला होता आणि कार्यकारिणी पडद्यावर त्याची सावली तपासत होती. मेघना उठली. “टेम्पोतून आणताना रंगाचा टवका उडालाय का, तेवढं बघते. पुढे काही झालं तर मंडळाची जबाबदारी.”

जबाबदारी म्हटल्यावर रूढी जरा बाजूला सरली. मेघनाने रुमाल उचलला. विनीतने आधी हात जोडले आणि मग बोटांवरून पाहिले. प्रत्येक पापणी केसाएवढी बारीक, एका दमात ओढलेली. टवका कुठेच नव्हता.

“मोठी मूर्ती काकाच करणार,” दुसरे कुणी वेगळे सुचवले असावे अशा सुरात विनीत म्हणाला.

काकांनी गुडघ्यावर हात टेकला. बोटे किंचित थरथरली. कुणी पाहिले नाही, कारण ते पडद्यावर नव्हते.

“आणि शंतनु, फिल्ममध्ये हात असाच ठेव, पापण्या परत आण, गल्ली घालवू नकोस,” विनीत म्हणाला. “रॉ आहे ना.”