मोरपंखीची माती

लहानूनं जन्मात मोरपंखीचं झाड पाहिलं नव्हतं. पऱ्हाटी, तूर, ज्वारी, धुऱ्यावरच्या बाभळी आणि अंगणातला दोडका, एवढ्यांशीच त्याची ओळख. त्यामुळे आषाढात हरिदासनं पुलगावहून सायकलला बांधून दोन कुंड्या आणल्या आणि विहारापाशी त्याच्या पुढ्यात ठेवल्या, तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत राहिला. पानं म्हणावीत तर पानं नाहीत, काटे म्हणावेत तर टोचत नाहीत. हिरव्या झालरी उभ्या धरून ठेवल्यासारखं काहीतरी.

"याले फूल येते?" त्यानं विचारलं.

"नाई."

"फळ?"

"फळ बी नाई, लहानूभाऊ. हे शोभेचं हाय. पायऱ्याईच्या दोन बाजूले दोन लावजो. नागपूरले बंगल्याईपुढं असतात."

हरिदास गिरणीत कामाला होता. लिहिता-वाचता येणारा वस्तीतला तोच एक, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. गेल्या दसऱ्याला वस्तीतल्या सगळ्या घरांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी अंगमेहनतीनं विहार उभा केला होता. दगडमातीचा चौथरा, वर टिनाचं छप्पर, आत बुद्धाची तसबीर. येत्या दसऱ्याला आजूबाजूच्या गावांची माणसं येणार होती. लहानूचा दोडका भर उन्हाळ्यातही फळतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून झाडांचं काम त्याच्याकडे आलं.

"माती कोनती घालू?"

"माळी म्हने, हलकी जमीन लागते याले," हरिदास म्हणाला, आणि पाळीला उशीर होतो म्हणून सायकलवर टांग टाकून निघूनही गेला.

लहानू तिथंच उभा राहिला. हलकी. हा शब्द तो लहानपणापासून ऐकत आला होता. नाल्याकाठची भारी काळी वावरं गावातल्या मोठ्या घरांची, आणि वस्तीच्या वाट्याला टेकडीखालचं खडकाळ बरड, तेही दोन-तीन जणांनाच. हलकी जमीन, हलकं काम, हलकी माणसं, सगळं एकाच सुरात बोललं जायचं. दीक्षा घेऊन पुरतं वर्ष झालं नाही, आणि विहाराच्या दारातल्या झाडाला हलकी माती घालायची? हरिदासनं चुकीचं ऐकलं असेल. नाहीतर हरिदास कोण, कुठल्या वस्तीतला, ते पाहूनच माळ्यानं तसं सांगितलं असेल. काय खरं मानावं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी डवऱ्यानं तण काढताना त्यानं रूपरावांना विचारलं. त्यांच्या वावरात तो वीस वर्षं राबत होता. दीक्षेनंतर दोघांमधलं बोलणं बेतापुरतं झालं होतं, पण रूपराव झाडामातीतला जाणता माणूस.

"झाड कोनतंही असो, काळ्या मातीबिगर जोर धरत नाई," रूपराव म्हणाले. "नाल्याकाठची ने. लागन तेवढी ने."

एवढ्या सहज ते माती देतील असं लहानूला वाटलं नव्हतं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, जिजाबाईनं, मिळून चौदा टोपल्या माती डोक्यावर आणली. लोण्यासारखी मऊ, काळीभोर. दोन्ही खड्डे काठोकाठ भरले. झाडं लावून झाल्यावर लहानू चौथऱ्यावर बसला आणि कितीतरी वेळ त्या मातीकडेच बघत राहिला.

तीन आठवड्यांत डावीकडच्या झाडाचे शेंडे तांबूस झाले. तहान लागली असेल म्हणून लहानूनं पाणी घातलं. पाऊस असूनही घातलं. मग वाटलं, ऊन लागत असेल, म्हणून तट्ट्याचा आडोसा केला. रूपराव म्हणाले शेणखत दे, ते दिलं. झाड आणखीच तांबूस झालं, आणि उजवीकडचंही खालून करपायला लागलं.

म्हातारा तानबा त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "लावतानी नारळ फोडला नाई ना कोनी. म्हनून तं नसन?"

"ते आपन सोडलं ना, बुवा."

"सोडलं खरं. पन त्याच्या बदल्यात काय करा लागते?"

लहानूला ते ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तो झाडापाशी उभा राहिला आणि त्रिसरण म्हणू लागला. दुसऱ्या ओळीनंतर पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकला. मग नुसतेच हात जोडले, आणि घरी गेला. आपण बरोबर केलं की चूक, हेही त्याला कळलं नाही.

श्रावण सरता सरता डावीकडचं झाड खराट्यासारखं वाळलं. लहानूनं ते उपटलं तेव्हा जिजाबाई शेजारीच होती. तिनं मुळं नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"हे तहानेनं मेलं नाई," ती म्हणाली. "सडलं. पाहा ना खड्ड्यात."

खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं होतं, रांजणात साचावं तसं. जिजाबाईनं मुळांच्या मधला गोळा बोटांनी फोडला. आत कुंडीतली जुनी माती होती, लालसर, बारीक खड्यांची.

"हे पाहा. कुंडीत व्हतं तवा यात राह्यत व्हतं. म्या रस्त्याच्या कामावर सात वर्सं मुरूम वाह्यला. पानी त्याच्यात थांबत नाई."

"म्हंजे हलकी," लहानू म्हणाला.

"व्हय, हलकी."

"विहाराच्या दारात?"

"मंग काय झालं? हलकी म्हंजे वाईट, हे कोनं सांगतलं तुमाले?"

लहानूनं आठवून पाहिलं. सांगितलं असं कोणीच नव्हतं. आणि सगळ्यांनीच सांगितलं होतं. त्यानं कुदळ घेतली आणि तिच्या मागे बरडाकडे निघाला.

दोघांनी मुरूम आणला, नाल्यातली रेती आणली. उजवीकडचं झाड मुळांसकट अलगद उचललं, काळी नासकी मुळं जिजाबाईनं विळ्यानं छाटली. चार टोपल्या मुरूम-रेतीला एक टोपली काळी माती असं मिसळून त्यांनी हातभर उंचवटा केला आणि झाड त्यावर बसवलं. तानबानं येऊन पाहिलं आणि मान हलवली. "एवढी सोन्यासारखी माती काढून खडे टाकले," तो म्हणाला. लहानूच्याही मनात तेच येत होतं.

महिनाभर झाड जसंच्या तसं राहिलं. ना मेलं, ना वाढलं. लहानू रोज वावरात जाताना थांबायचा, येताना थांबायचा. जिजाबाईनं पाणी घालायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि त्याचे हात सारखे घागरीकडे जायचे. दसऱ्याच्या आठ दिवस आधी एका झालरीच्या टोकाला पोपटी रंग दिसला. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पोपटीच होता.

दसऱ्याला माणसं आली. पायऱ्यांच्या उजवीकडे मोरपंखी, डावीकडे झेंडू. रूपराव वाटेनं जाताना थांबले. आत आले नाहीत, पण झाडाकडे निरखून पाहिलं.

"काळी माती याले मानवली नाई?"

"नाई, मालक."

"असं म्या पह्यल्यांदा पाह्यलं."

"म्या बी," लहानू म्हणाला. मग रूपराव आपल्या वाटेनं गेले.

सगळं आटोपल्यावर नदीकाठच्या गावातला चिंधू नावाचा माणूस लहानूला शोधत आला. त्यांच्याही विहारापुढं हेच झाड लावायचं होतं. माती कोणती घालू, म्हणून विचारायला आला होता.

लहानू मुरूम म्हणणार तोच थांबला. नदीकाठी तर सगळी रेतीच. तिथं पाणी ठरतच नसेल, मग तिथं काय घालायचं? आणि हे झाड तरी मुरमानं जगलं, की मुळं छाटल्यानं, की पाऊस ओसरल्यानं? सगळं त्याच्या डोक्यात कालवलं गेलं.

"तुमच्याकडं खड्ड्यात पानी ओतलं तं किती वेळ राह्यते?" त्यानं विचारलं.

"पाह्यलं नाई कधी."

"पाहून ठेवजो. मी येतो पुढच्या आठवड्यात." मग जिजाबाई सतरंजी झटकत होती तिकडं त्यानं एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "इले घेऊन येतो."