मांडो

पेरभर लांबीची ती काळी खुंटी तळहातावर होती आणि तिच्यात ओल नव्हती – पन्नास पावसाळे नाल्यावर काढूनही नव्हती... परसराम सुताराने ती पुलाच्या सांध्यातून ठोकून काढली आणि घनश्यामच्या हाती दिली, साक्षीदार उभा करावा तशी.

"माह्या बापानं वर कवेलू टाकले म्हणून लाकूड जिवंत हाये, बाबू. छप्पर काढलं तं दोन सालात सडते."

हे गावाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते कार्यालयाला – आणि त्याला कारण पंचायतीचा सचिव, ग्रामसेवक घनश्याम, म्हणजे तो स्वतःच. या कौलारू छपराच्या पुलाला गाव 'मांडो' म्हणते. नव्या नवरीची बैलबंडी आधी इथे थांबते, मोहाडीच्या बाजारातून परतणाऱ्या बाया इथे टोपल्या उतरवतात. दोन वर्षांपूर्वी, एकोणऐंशी साली, दुरुस्तीचा अर्ज लिहिताना त्याला त्या शब्दाची लाज वाटली होती. नागपूरच्या वसतिगृहात तो एकदा 'मले' म्हणाला आणि सारी पंगत हसली. तेव्हापासून प्रत्येक वाक्य तो ओठांच्या आत तपासून घेई. त्याने शुद्ध लिहिले – 'पुलावरील मांडवाची दुरुस्ती व्हावी.' आणि उत्तर आले – पुलाची दुरुस्ती मंजूर. वरील तात्पुरता मांडव हटवावा.

एक शब्द सुधारला, आणि छप्पर गेले... नाही, अजून गेले नव्हते. त्याच्या सहीने जाणार होते. आज.

जीपमधून उतरलेल्या ओव्हरसियरने कागद पुढे केला. मजुरांनी शिडी टेकवली; त्यांच्या आधीच परसराम वाशावर चढून बसला.

"लग्न झालं, वऱ्हाड गेलं, मांडव अजून उभाच? करा सही, सचिव."

मजूर हसले.

"शब्द माझा चुकला, साहेब. हे छप्पर कायमचं आहे."

"मग तसं लिहायचं होतं. आता कागद फिरवाल तर चौकशी तुमचीच लागेल."

चौकशी... पुलाखालचे पाणी फार मोठ्याने वाहू लागले. किती सह्या केल्या आपण, मान खाली घालून, सुवाच्य! आणि मग जे बोलले ते त्याने आत तपासलेच नाही –

"मी नाई करत सही. मांडो म्हंजे तुमचा मांडव नाई. हे पुलाचं आंग हाये. लागू द्या चौकशी! कवेलूले कोनं हात लावला, थेबी सांगीन मी तिथं."

"अरे बापा!" परसराम वाशावरून ओरडला, "बाबूले बोलता येते नं!"

ओव्हरसियरने कागदाची घडी केली. "सोमवारी ऑफिसात या."

जीप गेली. शिडी उतरवावी की ठेवावी, हे मजुरांना कळेना. घनश्यामलाही सोमवारच्या पलीकडले काहीच दिसत नव्हते – ना नोकरी, ना छप्पर. भीती होतीच... पण इतकी वर्षे ती दुसऱ्यांची होती, दुसऱ्यांच्या हसण्याची. ही आजची त्याची स्वतःची होती. आणि तिला घेऊनच तो सोमवारी ऑफिसच्या दारातून आत जाणार होता.